खुलासा समाधानकारक

"काका, हाताने कोड कोण लिहितं आता?"

सोसायटीतला तरुण निकेत प्रधान लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी म्हणाला. म्हणाला ते सहज, मोबाईलमधून मान वर न काढता. पण हरिश्चंद्र नाबर चौथ्या मजल्यावर उतरले ते दुखावलेलेच उतरले. एका विमा कंपनीच्या संगणक विभागात त्यांनी चोवीस वर्षं हाताने कोड लिहिला होता. त्यातला एक प्रोग्राम अजून चालतो. तो का चालतो हे तिथे कोणालाच माहीत नाही, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. हा आपला गौरव आहे असं हरिश्चंद्ररावांचं मत होतं.

चूक त्यांचीच. ते शांती नगरमधल्या आपल्या सोसायटीचे मानद सचिव, आणि लिफ्टमध्ये निकेतला आपला नवा बेत सांगायला तेच गेले होते. बेत साधा होता. तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक टीव्ही लावायचा आणि त्यावर सोसायटीच्या तक्रारी झळकवायच्या: कोणती आली, कोणती मिटली, कोणती लोंबकळतेय. सोसायटीचा सगळा कारभार 'शेजारधर्म' नावाच्या ॲपवर चालायचा. त्या ॲपवाल्यांनी नुकतंच जाहीर केलं होतं, की आमच्या सर्व्हरवर आता 'टूल्स' ठेवली आहेत. तुमचा एआय एडिटर, म्हणजे सांगितलेला कोड लिहून देणारा प्रोग्राम, त्याला दुरून जोडा आणि त्याला मराठीत काम सांगा. तक्रार वाच म्हणालात तर तो वाचेल, नोंदव म्हणालात तर नोंदवेल, नोटीस पाठव म्हणालात तर पाठवेल. वर फलकाचा प्रोग्रामही लिहून देईल.

"मग तुम्ही काय करणार?" सुचेताबाईंनी विचारलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर बायको प्रश्न विचारते तेव्हा त्यात उत्तरही असतं.

"मी जोडणार," हरिश्चंद्रराव म्हणाले.

जोडणं म्हणजे एका फाईलमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि एक किल्ली, लांबलचक पासवर्डसारखी, लिहायची, बस. त्यांनी लिहिली. एडिटरच्या कोपऱ्यात सर्व्हरच्या नावापुढे लाल ठिपका आला. स्वल्पविराम काढला, लाल. स्वल्पविराम घातला, लालच. मग त्यांनी दुसऱ्या कंपनीचा एडिटर उतरवून घेतला. त्याला तोच पत्ता वेगळ्या नावाच्या फाईलमध्ये, वेगळ्या कंसात हवा होता. एका मांडवात दोन जावई आले की दोघांचे मान वेगळे सांभाळावे लागतात, तसं हरिश्चंद्रराव दोन दिवस दोघांची मनधरणी करत होते. दोघेही रुसलेलेच.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे अध्यक्ष कुलदीप सिंग यांचं काशीमीराला ट्रकचं गॅरेज. त्यांनी लॅपटॉप हातात घेऊन उलटा केला, कानाजवळ नेला आणि सांगितलं, "नाबरसाब, वायरिंग कहीं ढीली है." तिसऱ्या मजल्यावरच्या हेमालीबेननी राउटरला उदबत्ती ओवाळली, आणि कमी पडायला नको म्हणून ढोकळाही ठेवून गेल्या. निकेतने मात्र एका नजरेत सांगितलं, "काका, किल्ली चालू कुठे आहे? ती आधी सोसायटीच्या नावाने मंजूर व्हायला लागते."

मंजुरीसाठी सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज हवा होता, शिक्का हवा होता आणि समितीच्या तीन जणांच्या सह्या हव्या होत्या. तिसरी सही त्यांनी शेजारच्या ए-४०३ मधल्या विनिता सामंत यांची घेतली. सामंत गणपतीत गेले, त्याला आता सहा महिने होत आले होते. विनिताबाईंनी अर्ज वाचलाही नाही. सही करता करता म्हणाल्या, "तुम्ही करताय म्हणजे विचार करूनच करत असणार, भाऊजी."

हरिश्चंद्ररावांनी विनयाने मान खाली घातली. ती तशीच ठेवली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

अर्ज मंजूर झाला. आता फक्त एक ओटीपी टाकायचा होता, आणि तो ओटीपी जात होता राघो पाटलांच्या मोबाईलवर. पाटील आधीचे सचिव. ॲप त्यांच्या काळात घेतलं, त्यामुळे नंबर त्यांचा. आणि पाटील फ्लॅट सोडून कधीच डोंगरीला आपल्या गावच्या घरी राहायला गेले होते. नंबर बदलायचा तर कंपनी म्हणाली, बदलता येईल की, जुन्या नंबरवर एक ओटीपी येईल तेवढा सांगा.

हरिश्चंद्रराव सकाळच्या बसने डोंगरीला गेले. लॅपटॉप घरी सुचेताबाईंच्या पुढ्यात उघडा ठेवला होता. पाटलांनी ओटीपी वाचायचा, हरिश्चंद्ररावांनी फोनवरून सांगायचा आणि सुचेताबाईंनी टाकायचा, अशी व्यवस्था होती. पाटलांची आई रखमाबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"इथं नेटवर्क येत न्हाय," ती म्हणाली. "वरती देवलाजवल जावा."

दोघे टेकडी चढले. देवळापाशी पाटलांच्या फोनला दोन दांड्या आल्या, तर हरिश्चंद्ररावांच्या फोनची होती ती एकही गेली. पाटील एका कठड्यावर आणि हरिश्चंद्रराव वीस पावलं खाली चिंचेखाली, असे उभे राहिल्यावर दोघांनाही नेटवर्क मिळालं. पाटील वरून ओरडत, "चाऽर! साऽत! शून्य!" हरिश्चंद्रराव ते फोनमध्ये ओरडत. आणि पलीकडून सुचेताबाई शांतपणे म्हणत, "थांबा हो, चष्मा घेते."

तीन वेळा ओटीपी शिळा झाला. चौथ्यांदा प्रणाली म्हणाली, आता चोवीस तासांनी या.

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्रराव पुन्हा त्याच बसने हजर. रखमाबाईने लेकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "राघो, याची सासुरवाडी हाय का रं इथं?" पण पोटभर जेवू घातल्याशिवाय तिने सोडलं नाही. त्या दिवशी सुचेताबाई आधीच चष्मा लावून बसल्या होत्या. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ठिपका हिरवा झाला. परतीच्या बसमध्ये हरिश्चंद्ररावांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "सर्व्हर जोडला." तो म्हणाला, "अभिनंदन. मुलगा का मुलगी?" बसचा आवाजच तेवढा होता.

इथे ते थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण जोडलेली वस्तू तपासून बघायला हवी, हा चोवीस वर्षांचा संस्कार. तपासायला नमुन्याच्या तक्रारी लागतात. दुसरा कोणी 'अबक' लिहून मोकळा झाला असता. हरिश्चंद्ररावांचं म्हणणं, नमुना खऱ्यासारखा पाहिजे. ते दुपारचा चहा घेऊन बसले आणि खऱ्यासारख्या तक्रारी लिहू लागले.

पहिल्या चार-पाच नळाच्या आणि दिव्याच्या होत्या. मग पेन कुठे घसरलं, म्हणजे बोटं कुठे घसरली, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. चार वर्षं मानद सचिव म्हणून जे गिळलं होतं ते सगळं वर आलं. 'कुलदीप सिंग लिफ्टमध्ये फोनवर बोलतात तेव्हा ट्रकला हाका मारत असल्यासारखे बोलतात. कोणत्या गाडीची क्लच प्लेट गेली हे सहाव्या मजल्यापर्यंत कळते.' 'हेमालीबेन यांच्या दाराबाहेर चपलांचे प्रदर्शन बारमाही खुले असते.' 'निकेत प्रधान यास कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सर्व माहीत आहे. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा असतो, हे माहीत नाही.' एकेचाळीस झाल्या. हरिश्चंद्रराव मधूनमधून एकटेच हसत होते. लिहिताना त्यांना मजा आली होती, ही गोष्ट नंतर त्यांना सगळ्यात जास्त टोचली.

एडिटरची एक खोड होती. प्रत्येक बारीकसारीक कामाला तो परवानगी मागे. हे टूल वापरू का? ही फाईल वाचू का? नव्याने लागलेला शिपाई जसा साहेबांना विचारल्याशिवाय खिडकी उघडत नाही, तसं. हरिश्चंद्रराव वैतागले. रिकामं ताट न्यायला आलेल्या हेमालीबेननी मागून बघितलं आणि म्हणाल्या, "भाईसाब, मैं तो फोन में सबको अलाउ कर देती हूँ. एक बार कर दो, शांति." हरिश्चंद्ररावांनी 'नेहमीच परवानगी' या चौकटीत खूण केली. शांतता झाली खरी.

रविवारी सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात समिती जमली. बघे धरून पंधरा-सोळा माणसं. हरिश्चंद्ररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीव्हीवर फलक उघडला. वर मोठ्या अक्षरात 'तक्रार-फलक', आणि खाली दोनच ओळी. एक जिन्यातल्या दिव्याची, दुसरी 'टेस्ट'. कारण ॲपवर तक्रार नोंदवतं कोण? ज्याला तक्रार असते तो खिडकीतून ओरडतो.

"बस इतनाच?" कुलदीप सिंग म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण निकेत मागे भिंतीला टेकून उभा होता आणि तो जराऽसा हसला. निदान हरिश्चंद्ररावांना तसं वाटलं.

"थांबा," ते म्हणाले आणि त्यांनी एडिटरला लिहिलं: फलक भरलेला दिसू दे.

एडिटर आज्ञाधारक. भरायला काय आहे म्हणून त्याने इकडेतिकडे बघितलं. शेजारीच नमुन्याच्या तक्रारींची फाईल होती. नोंदवण्याचं टूल सर्व्हरवर होतं. सराव करायचा वेगळा सर्व्हर हवा असेल तर वेगळा अर्ज होता, आणि तो करायचा कंटाळा हरिश्चंद्ररावांनी केला होता. परवानगी नेहमीचीच होती. त्याने एकेचाळीसच्या एकेचाळीस तक्रारी नोंदवल्या. प्रत्येक तक्रारीबरोबर ॲपने आपला शिरस्ता पाळून ज्याच्या त्याच्या फोनवर नोटीस धाडली: 'आपणाविरुद्ध खालील तक्रार प्राप्त झाली आहे. तीन दिवसांत खुलासा करावा. कळावे, मानद सचिव.'

खोलीत टिंग झालं. मग टिंग टिंग. मग खिशांतून, पर्समधून, टेबलावरून नुसता टिंगटिंगाट. आणि समोर टीव्हीवर फलक एकेका ओळीने भरत चालला होता, मोठ्या, स्वच्छ, दुरून वाचता येईल अशा अक्षरात. ती अक्षरं मोठी करायला हरिश्चंद्ररावांनीच सांगितलं होतं, ज्येष्ठ नागरिकांचा विचार करून.

"क्लच प्लेट?" कुलदीप सिंग हळूच म्हणाले. इतक्या हळू बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं.

आणि मग सत्ताविसावी ओळ आली.

'विनिता सामंत, ए-४०३. रोज संध्याकाळी सहा ते सात पेटी. चार महिने एकच अभंग. अंतऱ्यात दर वेळी त्याच जागी चुकतो. तिथे पोचण्याआधीच ऐकणाऱ्याला दात आवळून बसावे लागते. शिकायचे वय वेगळे असते, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगावे.'

विनिताबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी फोन काढला नाही. टीव्हीवरच वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"हे... हे एआयने केलंय," हरिश्चंद्रराव म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण तो कुठून आला हे त्यांना सांगता आलं नसतं. "त्याला कधीकधी भ्रम होतात. मनाने काहीही लिहितं."

आता कोणीतरी म्हणेल, की यंत्राला क्लच प्लेट कशी कळली? कुलदीप सिंगांनी ते विचारलंही. पण हेमालीबेन उसळून म्हणाल्या, "अरे, फोन सब सुनता है! मैंने एक बार कढई बोला, तो दो दिन कढई दिखाता रहा!" आणि खोलीतल्या प्रत्येकाला आपापली कढई आठवली. बघता बघता सगळे यंत्रावर तुटून पडले. कोणी हरिश्चंद्ररावांच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी पाणी दिलं. "आपका क्या दोष, नाबरसाब?" नाव हरिश्चंद्र ठेवलेला माणूस ते पाणी घटाघटा प्यायला.

निकेत पुढे आला. लॅपटॉपच्या पडद्यावर फाईलचं नाव अजून उघडं होतं: 'नमुना तक्रारी, ह. नाबर'. त्याने ते बघितलं, हरिश्चंद्ररावांकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता ती फाईल बंद केली. तो चार शब्द बोलला असता तर बरं, असं हरिश्चंद्ररावांना वाटलं. कचऱ्याच्या डब्याची ओळ टीव्हीवर चौदाव्या नंबरला होती.

घरी सुचेताबाईंनी भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "'चपलांचे प्रदर्शन बारमाही खुले असते' हे यंत्र म्हणालं?"

"हो."

"गेल्या दिवाळीत जेवताना पण तेच म्हणालं होतं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

सोमवारी त्यांनी ॲपच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. तक्रार एकदा नोंदली की पुसता येत नाही, सर. संबंधित व्यक्तीने खुलासा करायचा आणि सचिवांनी 'खुलासा समाधानकारक' हे बटण दाबून ती बंद करायची. एकेचाळीस वेळा, हो सर. आणखी काही मदत करू शकते का?

खुलासे यायला लागले. ह्यासाठी हरिश्चंद्ररावांची तयारी नव्हती. त्यांना वाटलं होतं लोक भांडतील. लोकांनी यंत्राला माफ केलं होतं, आणि यंत्र बोललं ते मात्र मनावर घेतलं होतं. हेमालीबेननी चपलांसाठी झाकणाचं कपाट आणलं आणि त्याचा फोटो पाठवला. कुलदीप सिंग लिफ्टमध्ये फोन आला की तोंडावर हात धरून कुजबुजायचे, "बाद में, बाद में, लिफ्ट में हूँ." निकेतचा खुलासा दोन शब्दांचा होता: 'सॉरी काका.' डबा रोज सातला बाहेर. चार वर्षं नोटिसा लावून जे झालं नव्हतं ते झालं होतं. हरिश्चंद्रराव बटण दाबत होते. समाधानकारक. समाधानकारक. लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले होते.

बुधवारी संध्याकाळी शेवटचा खुलासा आला.

'पेटी बंद केली आहे. – वि. सामंत.'

हरिश्चंद्ररावांनी घड्याळाकडे बघितलं. सव्वासहा. त्यांना आता कळलं की रविवारपासून घरात काय कमी होतं. भिंतीपलीकडून काही येत नव्हतं. कुकरची शिट्टी, खाली गाड्यांचे हॉर्न, सगळं होतं, आणि ते सगळं फार मोठ्याने ऐकू येत होतं. पडद्यावर बटण हिरवंगार चमकत होतं. 'खुलासा समाधानकारक'. त्यांनी त्यावर बोट नेलं, आणि ते दाबता येईना. दुसरं बटण नव्हतंच. त्या सर्व्हरवर इतकी टूल्स होती, पण सचिवाने खुलासा करावा असं एकही नव्हतं.

"जा ना," सुचेताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांना तो बघायची गरजही नव्हती.

दोन दारांमधलं अंतर साडेचार पावलं. डोंगरीची टेकडी त्यांना सोपी गेली होती. ते आपल्या दारातून निघाले, बेलपर्यंत गेले, परत आले, चपला घातल्या, मग एवढ्यासाठी चपला कशाला म्हणून काढल्या, आणि अनवाणीच जाऊन त्यांनी बेल वाजवली.

विनिताबाईंनी दार उघडलं. मागे दिवाणखान्यात पेटी होती, तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकलेला.

"वहिनी," हरिश्चंद्रराव म्हणाले, "ते यंत्राने नाही लिहिलेलं. मी लिहिलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अहो, यंत्राला काय चार महिने भिंतीपलीकडून पेटी ऐकू येते होय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "चार महिने हे तुम्हाला बरोब्बर माहीत होतं. मी स्वतःही मोजले नव्हते."

हरिश्चंद्ररावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सरावासाठी होतं, नमुना होता, बाहेर जायचं नव्हतं, असं सगळं ओठांवर रांग लावून उभं होतं. त्यातलं एकही वाक्य आधी लिहिलेलं पुसणारं नव्हतं. "मला लिहिताना मजा आली होती," ते म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. पण खरं तेवढंच होतं.

विनिताबाईंनी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"चुकतं हे मला माहीत होतं हो," त्या म्हणाल्या. "अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे हे नव्हतं माहीत. ते म्हणायचे तो अभंग. मी फक्त ऐकायचे. ऐकताना वाटतं आपल्याला येतंय. त्या जागी ते नेमकं काय करायचे तेच आठवत नाही. रोज वाटतं, आज बोटांना आठवेल."

हरिश्चंद्ररावांना वाटलं, ही फरशी दुभंगावी. पण खाली हेमालीबेनचा हॉल होता.

"मी... उद्या सगळ्यांना सांगतो. ग्रुपवर लिहितो, की मीच—"

"ते तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. मग दारातून बाजूला झाल्या. "आत या. बसा तिथे."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. विनिताबाईंनी रुमालाची नीट घडी करून ठेवली, भाता उघडला, आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आज चुकलं तर तोंडावर सांगायचं. लिहून नाही."

पेटी सुरू झाली. धृपद गेलं. पहिला अंतरा आला. हरिश्चंद्ररावांनी सवयीने दात आवळले. मग ते सैल सोडले आणि ऐकू लागले. भिंतीच्या या बाजूला सूर वेगळा लागत होता. बोटं चढत चढत त्या जागेपाशी आली, क्षणभर थबकली, आणि घसरली.

विनिताबाई थांबल्या. मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

हरिश्चंद्रराव खाली बघून म्हणाले, "चुकलं."

"हं," विनिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.